आठ आठवडे चिनी भाषेत

इसवी सन ६७१ मध्ये इत्सिंग नावाचा एक चिनी भिक्षू कँटन बंदरातून जहाजात बसला. त्याला नालंदेस यावयाचे होते. परंतु तो थेट हिंदुस्थानात आला नाही. वीस दिवसांच्या आत त्याचे जहाज सुमात्रा बेटावरील श्रीविजय राज्यात पोहोचले आणि तेथे तो सहा महिने राहिला. कशासाठी, तर संस्कृत व्याकरण शिकण्यासाठी. त्या नगरात हजाराहून अधिक भिक्षू राहतात व त्यांचे अध्ययन नि आचार हिंदुस्थानातल्याप्रमाणेच चालतात, असे त्याने पुढे लिहून ठेवले. आणि पश्चिमेकडे जाऊ इच्छिणाऱ्या आपल्या देशबांधवांनी आधी येथे एकदोन वर्षे राहून तयारी करावी, मगच पुढे जावे, असा सल्लाही दिला. परकी भाषा पोथीतून समजते, पण ती जिभेवर यावयाची तर जेथे ती कानांवर सतत पडते अशा ठिकाणी जाऊन राहिले पाहिजे, हे त्या भिक्षूने साडेतेराशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

आज प्रवासाची दिशा उलटली आहे. चिनी भाषा शिकण्यासाठी देशोदेशींचे तरुण उन्हाळ्याच्या सुट्टीत चीनकडे किंवा तैवानकडे जातात, आणि श्रीविजयातील सहा महिन्यांचे काम आठ आठवड्यांत उरकू पाहतात. हे शक्य आहे काय? आणि शक्य असेल तर कोणत्या युक्तीने? या प्रश्नांचे उत्तर बहुतेकांस वाटते त्याहून थोडे निराळे आहे. सामान्य समजूत अशी की, मनुष्य त्या देशात गेला म्हणजे भाषा आपोआप येते. तेथील हवापाण्यातच ती असते. ही समजूत खरी नाही. बीजिंगसारख्या शहरात वर्षभर राहूनही इंग्रजीवर निभावून नेणारे परदेशी लोक कितीतरी सापडतात. हॉटेल, कचेरी, स्वदेशीय मित्रमंडळी, आणि आता खिशातील दूरध्वनी, एवढ्या भिंती भोवती असल्या की चीनमध्ये राहूनही चिनी भाषेचा वारा अंगास लागत नाही.

म्हणून या वर्गांच्या चालकांनी एक जुनाच उपाय योजला. त्यास भाषेचे व्रत म्हणावे. त्याचा नामांकित आरंभ चीनमध्ये नव्हे, तर अमेरिकेतील व्हरमाँट संस्थानातील मिडलबरी या लहानशा गावी झाला. तेथील कॉलेजात १९१५ च्या उन्हाळ्यात लिलियन स्ट्रोबे या विदुषीने जर्मन भाषेची शाळा काढली. विद्यार्थ्यांना एका जागी इतरांपासून वेगळे ठेवावे, आणि वर्गात, पंक्तीला, फिरावयास जाताना त्यांनी जर्मनच बोलावे, अशी तिची योजना होती. पुढे फ्रेंच आणि स्पॅनिश यांच्या शाळा निघाल्या. चिनी भाषेची शाळा १९६६ साली निघाली. गाव इंग्रजी बोलणारे, देश इंग्रजी बोलणारा, आणि मध्ये शंभर-दीडशे माणसांचे एक चिनी बेट, असा हा प्रकार.

१९९३ साली प्रिन्स्टन विद्यापीठाने हे व्रत बीजिंगमध्ये नेले. तेथील अध्यापन विद्यापीठाच्या आवारात त्यांनी उन्हाळ्याचा आठ आठवड्यांचा वर्ग उघडला, व एरवी वर्षभर चालणारा अभ्यासक्रम त्यात पुरा करण्याचे ठरविले. पहिल्याच दिवशी विद्यार्थ्याकडून एका कागदावर सही घेतली जाई. मजकूर थोडा असे: वर्ग संपेपर्यंत चिनीखेरीज अन्य भाषेत बोलणार नाही. ही आण केवळ शिक्षकांसमोर पाळावयाची नव्हती. भोजनगृहात, खोलीतील सोबत्याशी, सहलीच्या गाडीत, जिन्यावर पाय घसरला तरी! आजारपण आणि घरच्यांशी बोलणे यांना अशा वर्गांत सामान्यतः सवलत असते. वारंवार आण मोडणाऱ्यास आधी समज मिळते, आणि तरीही न सुधारल्यास परतीची वाट धरावी लागते.

दिवसाचा क्रम ऐकला म्हणजे आपल्याकडील जुन्या पाठशाळांची आठवण व्हावी. आदल्या रात्री धड्यातील शब्द पाठ करावयाचे. साठ-सत्तर नवे शब्द ही नित्याची गोष्ट. सकाळी आठच्या सुमारास शब्दलेखनाची परीक्षा. मग थोडा वेळ मोठा वर्ग, त्यात शिक्षक धड्याची मांडणी समजावून देतात, अर्थात चिनीतच. त्यानंतर खरे काम सुरू होते. पाचसहा विद्यार्थ्यांच्या लहान वर्गात एक तरुण शिक्षक उभा राहतो. पुस्तके मिटलेली असतात. तो दोनतीन शब्द फेकतो, आणि ज्याच्याकडे त्याची नजर जाईल त्याने त्या शब्दांचे ठरलेल्या ठेवणीचे वाक्य तत्क्षणी करावयाचे. समजा, ठेवण ‘सुइरान... तान्‌-श’ अशी आहे. शिक्षक म्हणतो, ‘आजारी, शाळा.’ विद्यार्थी म्हणतो, ‘जरी तो आजारी होता, तरी शाळेत आला.’ चूक झाली तर शिक्षक ती तेथल्या तेथे दुरुस्त करतो व वाक्य पुन्हा म्हणवून घेतो. अशी वाक्ये एका तासात शेकड्यांनी होतात. दुपारी एकेका विद्यार्थ्यास एक शिक्षक मिळून निव्वळ गप्पा. आणि शुक्रवारी आठवड्याची परीक्षा.

घोकंपट्टीला नावे ठेवण्याची अलीकडे पद्धत पडली आहे. मुलांना पाढे पाठ करावयास लावणे म्हणजे त्यांच्या बुद्धीचा कोंडमारा, असे बोलले जाते. परंतु जगातील नामांकित विद्यापीठे आपल्या हुशार विद्यार्थ्यांना हजारो मैल दूर नेऊन जे करवून घेतात ते पाढ्यांहून फारसे निराळे नाही. भेद असलाच तर एवढाच की, सकाळी घोकलेले वाक्य संध्याकाळी भाजीवाल्यापाशी कामास येते. पाठांतर आणि गरज यांची अशी गाठ पडली की घोकणे रटाळ राहत नाही.

वर उल्लेखिलेल्या ‘जरी... तरी’ची एक मौज आहे. इंग्रजीत या जोडीपैकी एकच शब्द वापरावा लागतो, दोन्ही वापरणे चूक ठरते. म्हणून इंग्रजी बोलणाऱ्या विद्यार्थ्याची जीभ येथे हटकून अडते. मराठी माणसाला मात्र ‘जरी’नंतर ‘तरी’ आल्यावाचून वाक्य पुरे झाल्यासारखेच वाटत नाही, आणि चिनी माणसालाही तसेच वाटते. विधानाच्या शेवटी ‘का’ जोडून मराठीत प्रश्न होतो. चिनीत शेवटी ‘मा’ जोडला की प्रश्न होतो, बाकीचे वाक्य जागचे हलत नाही. त्याहून आश्चर्याची गोष्ट ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांची. समोरच्याला वगळून ‘आम्ही’ आणि त्याला धरून ‘आपण’, हा भेद इंग्रजीला ठाऊक नाही. पण बीजिंगच्या बोलीत ‘वो-मन’ आणि ‘त्सान्‌-मन’ असे दोन शब्द असून ‘त्सान्‌-मन’ म्हटले की ऐकणारा त्यात आलाच. दारावरचा पहारेकरी किंवा खानावळीतली बाई विद्यार्थ्याशी बोलताना पहिल्यांदा ‘त्सान्‌-मन’ म्हणते, तेव्हा व्याकरणाच्या पुस्तकात जे मिळत नाही ते त्यास मिळते.

उच्चारांच्या बाबतीत तर देवनागरी वाचणाऱ्याचे पारडे बरेच जड आहे, परंतु ते त्याला कोणी सांगत नाही. चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याची जी पद्धत चीन सरकारने १९५८ साली लागू केली, तीत बी, डी, जी ही अक्षरे येतात. ती पाहून आपल्याकडील विद्यार्थी ब, ड, ग म्हणू लागतो. वस्तुतः तेथे प, त, क हे ध्वनी आहेत. आणि जेथे रोमन पी, टी, के लिहितात तेथे फ, थ, ख आहेत. ज्या शहराला जग पूर्वी पेकिंग म्हणे आणि आता बीजिंग म्हणते, त्याचे नाव तेथील लोक ‘पेइ-चिंग’च्या जवळपास उच्चारतात. प आणि फ, क आणि ख हे वेगळे वर्ण आहेत हे इंग्रज विद्यार्थ्याला तोंडापुढे कागद धरून, तो श्वासाने हलतो की नाही हे पाहून शिकावे लागते. मराठी मुलास ते बाराखडीतच मिळालेले असते. मराठीत ‘चाक’ मधला च निराळा आणि ‘चिंच’ मधला निराळा. चिनीत हे दोन्ही आहेत, शिवाय जीभ टाळूकडे वळवून उच्चारावयाचा तिसराही आहे. आपला ‘चहा’ हा शब्द मुळात चिनीच. तेथे तो ‘छा’च्या जवळचा आहे आणि चढत्या स्वरात म्हणतात.

हा स्वर मात्र मराठी माणसालाही घाम फोडतो. चिनी भाषेच्या प्रमाण बोलीत चार स्वर आहेत: पहिला उंच आणि सपाट, दुसरा चढता, तिसरा खाली जाऊन वर येणारा, चौथा वरून झटकन खाली पडणारा. ‘मा’ हे अक्षर पहिल्या स्वरात म्हटले तर आई, दुसऱ्यात ताग, तिसऱ्यात घोडा आणि चौथ्यात शिव्या देणे. आपल्याकडे ‘हं’ हा एकच उद्गार होकार, प्रश्न, धमकी आणि कंटाळा अशा चार अर्थांनी चार सुरांत म्हटला जातो. चिनीत प्रत्येक शब्दच तसा आहे अशी कल्पना करावी. ‘माय’ म्हणजे विकत घेणे आणि ‘माय’ म्हणजेच विकणे, फरक काय तो स्वराचा. म्हणजे बाजारात गेलेला विद्यार्थी गिऱ्हाईक आहे की दुकानदार, हे केवळ त्याच्या गळ्यावर अवलंबून. ‘श्वेइ-च्याओ’ हा शब्द दोन्ही अक्षरे तिसऱ्या स्वरात म्हटल्यास पाण्यात उकडलेल्या करंज्यांसारखा एक खाद्यपदार्थ होतो, आणि दोन्ही चौथ्यात म्हटल्यास झोपणे होते. खानावळीत जाऊन मोठ्या आत्मविश्वासाने झोप मागणारे विद्यार्थी दर उन्हाळ्यात निघतात. वाढणारी बाई हसते, तोच शब्द नीट म्हणून दाखविते, आणि तो स्वर जन्मभर विसरला जात नाही. वर्गात शंभर वेळा केलेली दुरुस्ती जे काम करीत नाही ते अशा एका फजितीने होते.

परंतु या व्रताची खरी किंमत फजितीत नाही, एकाकीपणात आहे. येणारा विद्यार्थी वीस-बावीस वर्षांचा, आपल्या भाषेत वादविवाद करणारा, विनोद करणारा, चार माणसांत उठून दिसणारा असतो. सही करताच तो तीन वर्षांच्या पोराइतका होतो. ‘भूक लागली’, ‘पाऊस येतो’, ‘हे चांगले, ते वाईट’, याच्यापुढे त्याची मजल जात नाही. घरून वाईट बातमी आली तर शेजारच्या खाटेवरील मित्राला ती सांगावयासही शब्द नसतात. मनुष्याचा स्वभाव त्याच्या भाषेत किती मुरलेला असतो हे तेव्हा कळते. भाषा काढून घेतली की थट्टेखोर मनुष्य गंभीर भासू लागतो आणि विद्वान मनुष्य मठ्ठ. काही जण या कोंडीतून चोरवाटा काढतात. रात्री दार लावून कुजबुजत इंग्रजी बोलतात. काही जण मध्येच सोडून जातात. त्यांना दुबळे म्हणणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही.

जे टिकतात त्यांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट घडते. चाळणी हा शब्द येत नसला तर ‘भोकांचे भांडे, पाणी जाते, भात राहतो’ असे सांगण्याची त्यांना सवय लागते. येत असलेल्या थोड्या शब्दांतून न येणाऱ्या शब्दाला वळसा घालून जाणे, हे भाषा बोलण्यातील मोठे कसब होय, आणि मातृभाषेचा दरवाजा उघडा असेपर्यंत ते कोणीही शिकत नाही. मनुष्य जवळच्या वाटेनेच जावयाचा. ती वाट बंद केली तरच दुसरी तुडविली जाते.

याला पुरावाही आहे, जरी तो फ्रेंच भाषेच्या विद्यार्थ्यांविषयीचा असला. बार्बरा फ्रीड, नॉर्मन सेगालोविट्झ आणि डॅन ड्यूई या संशोधकांनी २००४ साली तीन प्रकारच्या विद्यार्थ्यांची तुलना प्रसिद्ध केली: नेहमीच्या वर्गात शिकणारे, फ्रान्समध्ये जाऊन राहिलेले, आणि अमेरिकेतच राहून उन्हाळ्यात भाषेचे व्रत पाळणारे. बोलण्याच्या ओघात सर्वांत अधिक प्रगती फ्रान्सला गेलेल्यांची झाली नव्हती. ती व्रत पाळणाऱ्यांची झाली होती. कारण उघड होते. फ्रान्समधले विद्यार्थी वर्ग सुटल्यावर फ्रेंचपेक्षा इंग्रजीच अधिक बोलत होते. बीजिंगच्या वर्गाने दोन्ही गोष्टी एकत्र केल्या, म्हणजे देशही चिनी आणि व्रतही चिनी, हे त्याचे वैशिष्ट्य.

तथापि या पद्धतीचा एक दोष चालकांनाही ठाऊक आहे. विद्यार्थी दिवसाचा मोठा भाग एकमेकांशीच बोलतात, आणि त्या बोलण्यात चुका सुधारणारा कोणी नसतो. मग त्यांच्यात एक वसतिगृही चिनी तयार होते. इंग्रजी वाक्यांवर चिनी शब्दांचे कपडे चढविलेली. ती त्यांना आपसात उत्तम समजते, बाहेरच्या रिक्षावाल्याला समजत नाही. शिवाय हिशेब निर्दय आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या भाषाशाळेचा अंदाज असा की, इंग्रजी बोलणाऱ्यास कामापुरती स्पॅनिश किंवा फ्रेंच येण्यास वर्गाचे ६०० ते ७५० तास लागतात, हिंदीस सुमारे ११००, आणि चिनीस २२००. दिवसाला पाच तास, आठवड्याला पाच दिवस धरले तर आठ आठवड्यांत २०० तास होतात. म्हणजे असे अकरा उन्हाळे. ‘आठ आठवड्यांत चिनी बोला’ अशी जाहिरात जो करील त्याच्यापुढे हा भागाकार ठेवावा. आठ आठवड्यांत बोलण्याचे भय जाते, कान तयार होतो, पाया पक्का होतो. इमारत पुढेच बांधावयाची असते.

व्रताऐवजी गरजेने शिकलेल्यांची उदाहरणे महाराष्ट्रात आहेत. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसने पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनमध्ये गेले. त्यांच्यापुढे सही करण्याचा कागद नव्हता. जखमी सैनिक होते, आणि त्यांना कोठे दुखते हे चिनीतच विचारावे लागे. थोड्याच काळात ते चिनी विद्यार्थ्यांना त्यांच्या भाषेत शस्त्रक्रिया शिकवू लागले, आणि १९४२ च्या डिसेंबरात तेथेच वारले. दुसरे उदाहरण वसंत परांजपे यांचे. हिंदुस्थान सरकारने १९४७ साली चीनला पाठविलेल्या विद्यार्थ्यांपैकी ते एक; पेकिंग विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले, आणि १९५४ साली नेहरू चीनला गेले तेव्हा माओ यांच्याशी झालेल्या बोलण्यात दुभाष्याचे काम त्यांनी केले. असे दुभाषे आठ आठवड्यांत निघत नाहीत. पण पहिले आठ आठवडे त्यांनाही काढावे लागले असतील.

कोणत्या शहरात शिकावयाचे हे मात्र विद्यार्थ्याच्या हाती फारसे नसते. ते राज्यकर्त्यांच्या मर्जीवर चालते. १९६३ साली अमेरिकन विद्यापीठांनी मिळून चिनीचा प्रगत वर्ग काढला तो तैपेई येथे, कारण मुख्य चीनचे दार तेव्हा त्यांना बंद होते. दार उघडल्यावर १९९७ साली तो बीजिंगच्या छिंग्‌ह्वा विद्यापीठात गेला. पुढे वारा पुन्हा फिरला. हार्वर्ड विद्यापीठाचा बीजिंगमधील उन्हाळी वर्ग २०२२ साली तैपेईस हलविण्यात आला. खोल्या व वसतिगृह मिळविण्यात यजमान संस्थेकडून अडचणी येऊ लागल्या होत्या, असे संचालिकेने सांगितले. अमेरिकेतून चीनला जाणारे विद्यार्थी २०१८-१९ साली अकरा हजारांहून अधिक होते. साथीच्या काळात, २०२१-२२ साली, ते २११ उरले. दोन मोठी राष्ट्रे एकमेकांविषयी दररोज बोलत असताना एकमेकांशी त्यांच्या भाषेत बोलू शकणारी माणसे अशी मूठभर व्हावीत, ही काळजीची गोष्ट आहे. आपल्या देशालाही ती लागू पडते. आपली तर सीमाच त्यांच्याशी लागून आहे.

शहर बदलले की लिपीही बदलते. मुख्य चीनमध्ये १९५६ पासून सोपी केलेली अक्षरे चालतात, तैवानात जुनी, अधिक रेघांची. बीजिंगमध्ये शब्दाच्या टोकाला जीभ वळवून ‘र’ लावण्याची खोड आहे. तैपेईत तसे बोलणारा परगावचा ठरतो. तैपेईतील मुले उच्चार शिकतात ते रोमन अक्षरांनी नव्हे, तर ‘पो, फो, मो, फ’ अशा क्रमाच्या स्वतंत्र चिन्हांनी. आणि या क्रमात वर्णांचे गट उच्चारस्थानांवरून पाडलेले असल्यामुळे देवनागरी वर्णमाला म्हणणाऱ्याला तो परका वाटत नाही.

आठव्या आठवड्याच्या अखेरीस परीक्षा होते, निरोपाचे जेवण होते आणि सहीचा कागद निष्प्रभ होतो. त्या संध्याकाळी इंग्रजीचा पूर फुटेल अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात बराच वेळ कोणी बोलत नाही. दोन महिने ज्यांची ओळख चिनीतच झाली, त्यांचे मातृभाषेतील आवाज एकमेकांना परके वाटतात. थट्टेखोर कोण आणि विद्वान कोण, हे नव्याने कळू लागते. आणि मग टेबलाच्या एका टोकाला कोणीतरी ‘त्सान्‌-मन’ म्हणून वाक्य सुरू करतो, आणि बाकीचे त्याच भाषेत उत्तर देतात.